बॉक्सरबद्दल हळहळ वाटते, ती नेमकी कशाची?

प्रश्न असा आहे: सनी लिस्टन, जॉनी तापिया, लिऑन स्पिंक्स, आइक इबियाबुची अशा बॉक्सरांच्या कहाण्या वाचून जीव तुटतो. गुण अफाट, आयुष्य मात्र विस्कटलेलं. पण यांच्यापैकी काहींनी गंभीर गुन्हेही केले. मग त्यांच्याबद्दल सहानुभूती वाटणं बरोबर आहे का? या लोकांचं नेमकं कुठे बिनसतं? आणि आपण नुसते प्रेक्षक असलो तर काही करू शकतो का?

मी बरीच वर्षं बॉक्सरच्या कोपऱ्यात उभं राहण्याचं काम करतो. लढतीआधी हाताला बँडेज बांधायचं, दोन राउंडमधल्या एका मिनिटात पाणी, बर्फ, व्हॅसलीन आणि जमलं तर कामाची दोन वाक्यं द्यायची, आणि वेळ आली तर लढत थांबवायला सांगायचं. प्रेक्षकाला लढत दिसते, मला त्या वेळी एकच माणूस दिसतो. त्यामुळे माझं उत्तर थोडं एकांगी असेल, ते तसंच समजून घ्या.

सहानुभूतीत गैर काहीच नाही. पण लोक सहसा न जिंकलेल्या बेल्टसाठी हळहळतात, तेही माणूस गेल्यावर किंवा पार खचल्यावर. मला मात्र त्या माणसाचे दोन लढतींमधले रिकामे महिने, त्याच्या मानधनाचा हिशेब आणि त्याच्या डोक्याचा स्कॅन यांची काळजी वाटते. बिनसतं ते बहुतेक वेळा तिथेच, आणि तिथे बघणारं कुणी नसतं.

आधी हे बघा की व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये टिकतं कोण. जिममध्ये सगळ्या घरांतली मुलं येतात. नाक एकदा फुटलं की ज्यांना दुसरे रस्ते असतात ती निघून जातात, ज्यांना नसतात ती राहतात. म्हणजे विस्कटलेली आयुष्यं बॉक्सिंगने गोळा केलेली असतात. सगळीच्या सगळी बॉक्सिंगने विस्कटलेली नसतात. लिस्टनच घ्या. आर्कान्सामधल्या खंडाने शेती करणाऱ्या प्रचंड मोठ्या कुटुंबातला मुलगा, बापाचा मार खाऊन मोठा झालेला, शाळा जवळजवळ नाहीच. जन्माचं वर्षही पक्कं ठाऊक नाही. मिझुरीच्या तुरुंगात दरोड्याची शिक्षा भोगताना तिथल्या धर्मगुरूने त्याच्या हातात ग्लोव्हज दिले. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना आवडते, कारण ती ‘बॉक्सिंगने तारलं’ अशी आहे. पण 1952 मध्ये तो सुटला, त्याचं नाव होऊ लागलं, आणि त्याच्या करारांवर ताबा आला तो फ्रँकी कार्बो आणि ब्लिंकी पालेर्मो या माफियाशी जोडलेल्या लोकांचा. एका कोठडीतून सुटून तो दुसऱ्यांच्या मुठीत गेला.

1962 साली त्याने शिकागोत फ्लॉइड पॅटरसनला 2 मिनिटं 6 सेकंदांत झोपवलं आणि हेवीवेटचा जगज्जेता झाला. फिलाडेल्फियाला परतताना विमानात तो स्वागताला येणाऱ्या लोकांसमोर काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होता. आता आपण सभ्यपणे वागू, चांगला जगज्जेता होऊ, असं काहीतरी त्याला सांगायचं होतं. विमानतळावर स्वागताला कुणी आलंच नाही. शहराला तो नकोच होता. पुढे 1964 आणि 1965 मध्ये तो आधी कॅसियस क्ले आणि मग मुहम्मद अली या नावांनी लढलेल्या एकाच माणसाकडून हरला, आणि जानेवारी 1971 मध्ये लास व्हेगासच्या घरी त्याच्या बायकोला तो मेलेला सापडला. गेला कुठल्या दिवशी, तेही नक्की सांगता येत नाही. लिस्टनबद्दल हळहळायचं तर मी त्या विमानतळासाठी हळहळतो, अलीविरुद्धच्या पराभवासाठी नाही. अली त्याच्यापेक्षा सरस होता, त्यात अन्याय काही नव्हता.

आता रिकाम्या महिन्यांबद्दल. लढत ठरली की आठ-दहा आठवड्यांचा कॅम्प लागतो. पहाटे पळायचं, दुपारी जिम, रात्री लवकर झोप, रोज वजनकाटा, काय खायचं-प्यायचं हे दुसरा ठरवणार. ज्याच्या लहानपणी घरात कसलीच शिस्त नव्हती अशा माणसाला हे आयुष्य आवडतं, बाहेरच्यांना वाटतं त्याच्या उलट. लढत संपते, हाती पैसे येतात, आणि दुसऱ्या दिवसापासून कुणी काही विचारत नाही. वर्षात दोन लढती असल्या तर सहा-सात महिने असे मोकळे. मी पाहिलेली बहुतेक पडझड याच काळातली आहे. रिंगमध्ये कुणी दारू पीत नाही.

तापिया आठ वर्षांचा असताना त्याच्या आईचं अपहरण झालं आणि तिला क्रूरपणे मारण्यात आलं. तो कोकेनच्या आहारी गेला, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तीन वर्षांहून जास्त काळ बंदीत काढला, आणि तरीही परत येऊन तीन वजनगटांत जगज्जेता झाला. जादा डोसमुळे तो अनेकदा मरणाच्या दारातून परत आला होता. 2012 साली वयाच्या 45 व्या वर्षी गेला. त्याला ‘अपूर्ण कारकीर्द’ म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. त्या मुलाने जितकं केलं त्याच्या निम्मंही करण्याची अपेक्षा कुणी करू नये. त्याच्यासाठी बॉक्सिंग हेच औषध होतं, पण ते वर्षातून काही आठवडेच मिळायचं.

पैशाचं गणित बाहेरच्यांना क्वचितच माहीत असतं, म्हणून जरा उलगडून सांगतो. मानधनाचे शंभर भाग करा. अमेरिकेत अनेक ठिकाणी मॅनेजरला तेहतीसपर्यंत घेता येतात, ब्रिटनमध्ये पंचवीसच्या आसपास. ट्रेनरचे दहा. कटमनचे, म्हणजे लढतीत फुटलेल्या जखमांचं रक्त थांबवणाऱ्याचे, एक-दोन. मग स्पारिंग पार्टनर, म्हणजे सरावात समोर उभे राहणारे बॉक्सर, त्यांची राहण्या-खाण्याची सोय, वैद्यकीय तपासण्या, प्रवास. उरले चाळीस-पंचेचाळीस तर नशीब, आणि कर त्यातूनच. वर आगाऊ घेतलेली उचल आधीच वळती झालेली. वर्तमानपत्रात आकडा येतो तो शंभरचा, आणि नातेवाईक, मित्र, शाळासोबती शंभरचाच हिशेब धरून दारात येतात. बॉक्सर उधळा असतो हे काही वेळा खरं आहे. पण बऱ्याचदा त्याच्याकडे उधळायला तितकं नसतंच.

हे सरळ व्यवहाराचं झालं. वाकड्या व्यवहाराची उदाहरणं याहून वाईट आहेत. 1940 च्या दशकातला लाइटवेट जगज्जेता आइक विल्यम्स याने स्वतःचा कारभार स्वतः बघायचं ठरवलं, तर मॅनेजरांच्या संघटनेने त्याच्यावर बहिष्कार टाकला. मग तोच पालेर्मो ‘मी सोडवतो’ म्हणत आला आणि त्याचा मॅनेजर झाला. पुढे अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर विल्यम्सने साक्ष दिली की काही लढतींचं मानधन त्याच्या हाती कधी आलंच नाही, कर मात्र त्यालाच भरावा लागला. कराच्या बाबतीत जो लुईचंही तसंच. 1942 मध्ये दोन लढतींचं मानधन त्याने नौदलाच्या आणि सैन्याच्या मदतनिधीला देऊन टाकलं. देशाने पाठ थोपटली, आणि काही वर्षांनी करखात्याने एवढी थकबाकी काढली की निवृत्तीनंतर त्याला पुन्हा रिंगमध्ये उतरावं लागलं. 1951 मध्ये रॉकी मार्सियानोने त्याला दोरांबाहेर पाडलं ती लढत या थकबाकीमुळे झाली. म्हातारपणी तो लास व्हेगासच्या एका कॅसिनोत पाहुण्यांचं स्वागत करायचा.

टिम विदरस्पूनची गोष्ट तर कायदा बदलण्यापर्यंत गेलेल्या तक्रारींपैकी आहे. त्याचा प्रमोटर डॉन किंग आणि मॅनेजर किंगचा सावत्र मुलगा. म्हणजे जास्त पैसे मागायचे कुणी, आणि कुणाकडे? 1986 मध्ये वेम्बलीत त्याने फ्रँक ब्रूनोला हरवून जगज्जेतेपद राखलं. हरलेल्या ब्रूनोच्या पदरात विदरस्पूनच्या जवळपास दहापट पैसे पडले. विदरस्पून कोर्टात गेला, प्रकरण तडजोडीने मिटलं. 2000 साली अमेरिकेत मुहम्मद अलीच्या नावाने जो कायदा झाला त्यात मॅनेजर आणि प्रमोटर यांचे हितसंबंध वेगळे ठेवण्याची, आणि प्रमोटरने आपल्या हाती किती येतंय हे बॉक्सरला उघड सांगण्याची तरतूद आहे. जो बॉक्सर हा कागद मागून घेतो आणि वाचतो, त्याची मला निम्मी काळजी कमी वाटते. असे फार नसतात.

डोक्याच्या दुखापतीवर मला जास्त बोलायचं आहे, कारण सहानुभूतीचा खरा गुंता इथे आहे. 1928 साली न्यू जर्सीतले पॅथॉलॉजिस्ट हॅरिसन मार्टलँड यांनी लिहून ठेवलं की जिममध्ये ज्याला ‘पंच ड्रंक’ म्हणतात ती नुसती थट्टा नाही, मेंदूला झालेली इजा आहे. आज त्याला सीटीई म्हणतात. स्मरणशक्ती जाणं, बोलणं जड होणं हे सगळ्यांना माहीत असतं. पण चिडचिड, एकदम उसळणारा राग, संशय, नैराश्य, पुढचा विचार न करता केलेला खर्च, हेही त्याच आजाराचे भाग असू शकतात. पक्कं निदान मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. म्हणजे अडतिसाव्या वर्षी एखादा बॉक्सर घर विकून पैसे उडवतो, बायकोशी भांडतो, जुन्या ट्रेनरवर खोटे आरोप करतो, तेव्हा हा स्वभाव की दुखापत, हे तो जिवंत असेपर्यंत कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. आपण मात्र लगेच म्हणतो, पैसा डोक्यात गेला.

ठोसे चुकवता येत नाहीत ते मंद बॉक्सरच असे संपतात, हा समज खोटा आहे. पोर्टो रिकोचा विल्फ्रेड बेनितेझ 1976 मध्ये सतराव्या वर्षी जगज्जेता झाला, तेवढ्या कमी वयात आजवर दुसरं कुणी झालेलं नाही. त्याचा बचाव असा की त्याला ‘एल रादार’ म्हणायचे. बावीस वर्षांचा असताना तीन वजनगटांतली जगज्जेतेपदं त्याच्या नावावर होती. पण त्यानंतरही तो लढतच राहिला. 1986 मध्ये अर्जेंटिनात एका लढतीसाठी नेलेल्या या माणसाला पैसे न देता तिथेच सोडून देण्यात आलं आणि तो वर्षाहून जास्त काळ अडकून पडला. गरज सरो, वैद्य मरो. मेंदूची इजा इतकी झाली की पुढे आधी आईने आणि मग बहिणीने त्याचं सगळं केलं. ‘रादार’ असलेल्याचं हे झालं.

कामातली एक गोष्ट सांगतो. लोकांना वाटतं, ठोशातली ताकद गेली की बॉक्सर संपला. प्रत्यक्षात ताकद सगळ्यात शेवटी जाते. मी आधी पाय बघतो. दोरीवरच्या उड्या अडखळतात, मागे सरताना तोल एका बाजूला जातो, स्पारिंगमध्ये साध्या जॅबवर, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ, हलक्या ठोशावर, गुडघा हलतो. मग बोलणं. सकाळी स्वच्छ असतं, संध्याकाळी दमल्यावर शब्द एकमेकांत मिसळतात. घरचे सहज बोलून जातात की हल्ली तो एकच गोष्ट तीनदा विचारतो. आणि या सगळ्यात हेवी बॅगवर मारलेल्या ठोशाचा आवाज पूर्वीसारखाच दणदणीत असतो, त्यामुळे तो तुम्हाला छातीठोकपणे सांगतो की मी आहे तसाच आहे. खोटं बोलत नसतो तो. त्याला खरंच तसं वाटत असतं. म्हणून ‘त्याचा निर्णय त्याने घेतला’ हे वाक्य मला या धंद्यात कधी पटलेलं नाही.

जेरी क्वारीच्या मेंदूची इजा 1983 मधल्या तपासणीत दिसून आली होती. तरी 1992 मध्ये, वयाच्या 47 व्या वर्षी, तो कोलोरॅडोत लढला, कारण तिथे तेव्हा परवाना लागत नव्हता. मानधन सुमारे एक हजार डॉलर. 1999 मध्ये तो गेला तेव्हा त्याला जेवायलासुद्धा मदत लागत होती. त्याचा भाऊ माइकही बॉक्सर होता आणि त्याचाही शेवट याच आजाराने झाला.

आता गुन्ह्यांचा प्रश्न. मी तो टाळणार नाही, कारण आमच्या वर्तुळात तो सर्रास टाळला जातो.

इबियाबुचीबद्दल बॉक्सिंगवेडे दोन गोष्टी सांगतात: 1997 मध्ये त्याने डेव्हिड तुआला हरवलं तेव्हा दोघांनी मिळून हेवीवेटमध्ये मोजल्या गेलेल्या ठोशांचा विक्रम केला, आणि 1999 मध्ये त्याने ख्रिस बर्डला पाचव्या राउंडमध्ये आडवं केलं. वीस लढती, वीस विजय, आणि मग तुरुंग. ‘काय झाला असता!’ हे पुढचं वाक्य ठरलेलं. याच 1997 मध्ये त्याने आपल्या माजी मैत्रिणीच्या पंधरा वर्षांच्या मुलाला गाडीत घालून नेलं आणि गाडी काँक्रीटच्या खांबावर घातली. मुलाला कायमची दुखापत झाली. 1999 मध्ये एका स्त्रीवरच्या हल्ल्यासाठी त्याला अटक झाली, ज्यातून पुढची शिक्षा झाली. तो मानसिकदृष्ट्या आजारी होता याची चिन्हं पहिल्या घटनेच्या वेळीच स्पष्ट होती. त्याच्या आसपासच्या लोकांना ती दिसली नसतील असं मी मानत नाही. पण तो जिंकत होता, आणि जिंकणाऱ्याला दवाखान्यात न्यायची घाई कुणाला नसते. तेव्हा मला इबियाबुचीचं वाईट वाटतं का? आजारी माणूस म्हणून, हो. ‘काय झाला असता’ म्हणून, नाही. त्या मुलाचंही काहीतरी झालं असतं, त्याची चर्चा कुणी करत नाही.

व्हेनेझुएलाच्या एडविन वलेरोचं याहून अवघड आहे. 27 लढती, 27 नॉकआउट, हा आकडा चाहत्यांना पाठ असतो. 2001 मध्ये मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या डोक्याला मार लागून रक्ताची गाठ झाली होती. न्यूयॉर्कने 2004 मध्ये स्कॅन बघून त्याला परवाना नाकारला, म्हणून तो जिथे परवाना मिळेल तिथे लढत राहिला. 2006 मध्ये पनामात जगज्जेता झाला. मार्च 2010 मध्ये त्याची बायको मोडलेल्या बरगड्या घेऊन इस्पितळात दाखल झाली. पडले, असं तिने सांगितलं. पुढच्याच महिन्यात त्याने तिचा खून केला आणि कोठडीत गळफास घेतला. अपघाताचा, ठोशांचा, दारूचा आणि त्याच्या मूळ स्वभावाचा वाटा किती, याची वाटणी करता येणार नाही. डोक्याला मार लागलेले हजारो बॉक्सर आहेत, ते बायकांना मारत नाहीत, हेही विसरायचं नाही. माझा नियम साधा आहे: ज्या वाक्यात वलेरोच्या 27 नॉकआउटचं कौतुक येतं, त्याच वाक्यात ती स्त्री आली पाहिजे. तेवढं करूनही सहानुभूती उरली तर ती खरी.

एका प्रकरणात मात्र मला आजही दोन्ही बाजूंचं वाईट वाटतं, आणि ते थेट माझ्या कामाशी जोडलेलं आहे. 16 जून 1983, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. एका बाजूला 21 वर्षांचा बिली कॉलिन्स, 14 लढतींत अपराजित. दुसऱ्या बाजूला लुइस रेस्टो, साधारण कुवतीचा, फारसं जोरदार न मारणारा बॉक्सर. दहा राउंड रेस्टोने कॉलिन्सचा चेहरा अक्षरशः सोलून काढला. लढत संपल्यावर कॉलिन्सचे वडील, जे त्याचे ट्रेनरही होते, रेस्टोशी हात मिळवायला गेले आणि ग्लोव्ह हातात येताच ओरडले की यात भरावच नाही. ग्लोव्हज जप्त झाले. आतला भराव खरोखरच काढून टाकलेला होता. पुढे बऱ्याच वर्षांनी रेस्टोने कबूल केलं की हाताच्या बँडेजवरही प्लास्टर चढवलं होतं.

बँडेज म्हणजे काय, तर मऊ गॉझ आणि वर मोजकी टेप. हाताची बारीक हाडं एकत्र धरून ठेवण्यापुरतं. बांधताना समोरच्या पक्षाचा माणूस उभा असतो, निरीक्षक बघतो, मग त्यावर सही करतो. सही झाल्यावर त्या हाताला कुणी हात लावायचा नाही. ही सगळी कवायत नवख्याला कंटाळवाणी वाटते. मी त्याला कॉलिन्सचं नाव सांगतो. त्याच्या डोळ्यातलं बाहुलीभोवतीचं रंगीत पटल (आयरिस) फाटलं, तो पुन्हा कधी लढला नाही, आणि मार्च 1984 मध्ये गाडीच्या अपघातात गेला. बावीस वर्षांचा होता.

रेस्टो आणि त्याचा ट्रेनर पनामा लुईस दोघेही दोषी ठरले, तुरुंगात गेले. रेस्टोचा परवाना कायमचा गेला. बॉक्सिंगशिवाय दुसरं काही येत नसल्याने तो अनेक वर्षं ब्रॉन्क्समधल्या एका जिमच्या तळघरातल्या खोलीत राहायचा. त्याला माहीत होतं का? होतं, त्यानेच सांगितलं. बोलायला हवं होतं का? अर्थात. पण ज्या माणसाने तुमचे हात बांधले त्याला ‘हे काय करतोस’ असं लढतीच्या दहा मिनिटं आधी विचारणारा बॉक्सर मी क्वचित पाहिला आहे. त्या खोलीत बॉक्सर हात पुढे करून बसतो आणि पूर्णपणे दुसऱ्याच्या हवाली असतो. रेस्टोचा गुन्हा माफ करावा असं मी म्हणत नाही. कॉलिन्सच्या घरच्यांनी तर अजिबात करू नये. मी त्याला माणूस म्हणून बघू शकतो, इतकंच. त्याच्या ट्रेनरला बघताना मात्र मला जड जातं. शेवटी तो माझ्याच धंद्यातला.

‘अपूर्ण कारकीर्द’ या कल्पनेबद्दल थोडं. स्पिंक्सने 1978 मध्ये फक्त आठव्या व्यावसायिक लढतीत अलीला हरवलं. सात महिन्यांनी परतीच्या लढतीत तो हरला, पुढे पैसा गेला, एके काळी साफसफाईचं कामही केलं. लोक हे सांगताना आवाज खाली करतात, जणू झाडू मारणं ही शोकांतिका आहे. कष्ट करून खात होता. ऑलिंपिक सुवर्ण, हेवीवेट जगज्जेतेपद, आणि अलीवर विजय. हे अपूर्ण, तर मग पूर्ण कशाला म्हणायचं?

ऑलिव्हर मॅकॉलचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. फेब्रुवारी 1997 मध्ये लेनॉक्स लुईसविरुद्ध तो रिंगमध्येच रडायला लागला, हात खाली सोडून फिरू लागला, आणि पाचव्या राउंडमध्ये रेफरीने लढत थांबवली. लोकांनी आरडाओरडा केला, नंतर मानधन रोखलं गेलं, दंड झाला. काही आठवड्यांपूर्वीच हा माणूस व्यसनमुक्तीचे उपचार घेत होता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याला परवाना देणारे, त्याची लढत विकणारे आणि त्याला रिंगपर्यंत आणून सोडणारे यांच्यापैकी कुणालाही दंड झाला नाही.

आणि ज्यांची कीव येते पण यायला नको, असेही असतात. ब्रिटनचा पीटर बकली 300 लढती लढला, त्यांतल्या 256 हरला. आकडा बघून लोक हसतात किंवा हळहळतात. पण नव्या मुलांना मार न खाता आणि फार मार न देता शिकवणं, आयत्या वेळी फोन आला तरी ठरलेल्या वजनात हजर राहणं, ही त्याची कारागिरी होती आणि तिच्यावर त्याने संसार चालवला. 2008 मधली शेवटची लढत त्याने जिंकली. त्याला कुणाच्या दयेची गरज नव्हती. इमॅन्युएल ऑगस्टस वेगळा: 38 विजय, 34 पराभव, आणि त्यातले काही पराभव असे की पंचांनी नेमकं काय पाहिलं हा प्रश्न पडावा. फ्लॉइड मेवेदरने त्याला आपल्या सर्वांत कठीण प्रतिस्पर्ध्यांमध्ये गणलं होतं. त्याच्यासाठी राग यायला हवा, दया नव्हे.

तुम्ही काय करू शकता, याचं उत्तर ग्रेग पेजच्या गोष्टीत आहे. डिसेंबर 1982 ते मार्च 1987 या काळात डब्ल्यूबीए या बॉक्सिंग संघटनेचं हेवीवेट जगज्जेतेपद सहा जणांच्या हातांतून फिरत टायसनकडे आलं, त्या सहांतला हा एक. 1990 मध्ये टोकियोत सरावाच्या वेळी यानेच टायसनला खाली पाडलं होतं. 9 मार्च 2001 ला, वयाच्या 42 व्या वर्षी, तो केंटकीत 1500 डॉलरसाठी लढला आणि दहाव्या राउंडमध्ये कोसळला. तिथे ऑक्सिजन नव्हता. ॲम्ब्युलन्स नव्हती. रिंगजवळच्या डॉक्टरकडे त्या राज्यात काम करण्याचा परवाना नव्हता. मेंदूतल्या रक्तस्रावावर उपचार सुरू व्हायला उशीर झाला, शरीराची डावी बाजू गेली, आणि 2009 मध्ये तो वारला. त्याच्या बायकोने वर्षानुवर्षं लढा दिला, 2007 मध्ये 12 लाख डॉलरची भरपाई मिळाली आणि केंटकीला सुरक्षेचे नियम कडक करावे लागले.

हे नियम महाग नाहीत. ॲम्ब्युलन्स दाराशी उभी ठेवणं, ऑक्सिजनचा सिलिंडर, खरा डॉक्टर. कॅलिफोर्नियाने 1982 पासून बॉक्सरांसाठी पेन्शन योजना चालवली आहे, पैसा तिकिटांवरच्या छोट्या आकारातून येतो. तिकीट घेणाऱ्याला तो जाणवतही नाही. न्यूयॉर्कची ‘रिंग 10’ किंवा लंडनची माजी बॉक्सरांची संघटना अशी मंडळं जुन्या बॉक्सरांच्या औषधपाण्याला आणि अडीअडचणीला मदत करतात. त्यांना दिलेला पैसा थेट कामाला लागतो. लोकांच्या रागाचाही उपयोग होतो. 2003 मध्ये ब्रूनोला मनोरुग्णालयात दाखल केलं, तेव्हा ब्रिटनमधल्या एका टॅब्लॉइडने त्याची टिंगल करणारा मथळा छापला. वाचक इतके खवळले की पुढच्या आवृत्तीत त्यांना मथळा बदलावा लागला.

सभागृहात बसलात तर एक गोष्ट कराच. कोपऱ्यातून लढत थांबवली गेली की हुर्यो उडवू नका. स्टुलावर बसलेला बॉक्सर ती ऐकतो, पुढच्या वेळी ट्रेनरला ‘थांबवू नकोस’ म्हणून बजावतो, आणि काही ट्रेनर ऐकतात. आणि चाळिशी ओलांडलेल्या जुन्या जगज्जेत्याचं ‘पुनरागमन’ कुणी विकायला आलं, तर त्याच्यावर कितीही प्रेम असलं तरी ते तिकीट घेऊ नका. अशा लढतींच्या कोपऱ्यात उभं राहायला मला बोलावणी येतात. मी जात नाही. माझ्याऐवजी दुसरं कुणीतरी जातं, हे मला माहीत आहे, पण रिकाम्या खुर्च्यांसमोर प्रमोटर दुसरी लढत लावत नाही.